चांगली गाणी कोणत्या साली संपली?

आमच्या मेहकरात कुणाचं वय काढायचं असेल तर जन्मतारीख विचारण्यात अर्थ नसतो. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी आणि आईच्या तोंडी 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तुझा मामा निंबावरून पडला त्या साली' ही तिसरी. त्यापेक्षा गप्पांच्या ओघात विचारावं, "चांगली गाणी नेमकी कधी संपली हो?" माणूस जराही न अडखळता साल सांगतो. त्यातून चोवीस वजा केले की काम झालं.

थोरल्या काकांच्या हिशोबाने गाणी १९७५ साली संपली. "'शोले' आला अन् लोकं डायलॉगच्या तबकड्या इकत घ्यायले लागले. इथं गाण्याचं मढं उठलं." बाबा त्यांच्याहून थोडे उदार आहेत, ते १९७७ पर्यंत येतात आणि तिथे ठाम बसतात. मावशी मात्र फार सावध बाई. तिला विचारलं की ती म्हणते, "मला बाई अरिजितच आवडतो." पण परवा शेजारच्या घरात 'आराधना'तलं गाणं लागलं, तेव्हा भाजी निवडता निवडता मावशी सगळी कडवी म्हणून गेली. मधलं संगीतसुद्धा तोंडाने वाजवलं. 'आराधना' १९६९चा. ज्याने त्याने आपापला हिशोब मनात केला आणि मावशीकडे बघायचं टाळलं.

आजीचं उत्तर सगळ्यांत वेगळं. "गिरणी आली तवाच संपलं ना बाप्पा गाणं." तिच्या पिढीच्या बाया पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हणत. मग गावात पिठाची गिरणी आली. डबा गिरणीत ठेवून घरी आलेली बाई गाणार कशावर? आजीने त्यानंतर सैगल ऐकला, लता ऐकली, मंदिराच्या भोंग्यावरची भजनं ऐकली. पण यातलं काहीही ती गाण्यात धरत नाही. "त्याच्यानं पीठ पडते का?" असा तिचा सवाल असतो, आणि आमच्या घरातल्या कोणत्याही रसिकाला त्याचं उत्तर देता आलेलं नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर गाणी १९९९ साली संपली. हे निर्विवाद आहे. बाकीच्यांची मतं वैयक्तिक आहेत.

चोविसाचा आकडा मी मनाने काढलेला नाही. मॉरिस हॉलब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी १९८९ साली एक अभ्यास छापला. सोळापासून शहाऐंशीपर्यंतच्या वयाच्या १०८ माणसांना त्यांनी १९३२ ते १९८६ या काळातल्या २८ लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि आवडनिवड विचारली. निष्कर्ष असा, की माणूस साधारण साडेतेवीस वर्षांचा असताना जी गाणी गाजत असतात, ती त्याला जन्मभर सर्वांत गोड लागतात. दोघेही मार्केटिंगचे प्राध्यापक. म्हाताऱ्यांना काय वाजवून काय विकावं, एवढीच त्यांची जिज्ञासा असावी. त्यांनी एवढा खटाटोप करण्यापेक्षा आमच्याकडच्या एका हळदीला यायचं होतं. जेवण होऊन वर निष्कर्षही मिळाला असता.

पुतण्याचं लग्न ठरलं तेव्हा कामांची वाटणी झाली. मांडव एकाकडे, आचारी एकाकडे, किराणा एकाकडे. पैशाचं काम तर माझ्याजवळ कुणी आणूसुद्धा दिलं नाही. शेवटी काकू म्हणाल्या, "याले हळदीच्या गाण्याची यादी करू द्या. लिहिता-वाचता येते त्याले." मला वाटलं, चला, नारळ मोजण्यापेक्षा बरं. सगळ्यांना आवडतील अशी गाणी काढायची, पेन ड्राइव्हमध्ये भरायची आणि डीजेवाल्या पोराच्या हातात द्यायची. यात कठीण काय आहे?

संध्याकाळी अंगणात बसून यादी वाचायला घेतली. पहिलंच गाणं 'बॉबी'तलं. मी नाव घेतलं आणि आत्या एकदम म्हणाली, "हे नको."

"काहून? चांगलं तर आहे."

"नको म्हटलं ना. मले पाहायले आले होते तवा समोरच्या हॉटेलात हेच वाजत होतं. अन् मग तिकडून नकार आला."

आत्याचे यजमान इतका वेळ पेपरात होते. त्यांनी पेपर खाली केला. "कोण पाहायले आलतं?"

पन्नास वर्षं सुखाने चाललेला संसार पाच मिनिटं डगमगला. 'बॉबी' खोडला.

दुसरं 'मैंने प्यार किया'मधलं, कबुतराचं. त्याला मामांनी हरकत घेतली. मामा त्या काळी रात्रीच्या व्हिडिओ कोचने पुण्याला गेले होते. पुढच्या बाजूला टीव्ही, टीव्हीवर हा सिनेमा, बाहेर घाट आणि शेजारच्या सीटवर एक गृहस्थ, ज्यांनी बसमध्ये चढण्याआधी भरपेट मिसळ खाल्ली होती. पुढचं मामांनी सविस्तर सांगितलं, पण हा लेख लोक जेवतानाही वाचत असतील. एवढंच सांगतो, की आजही ते गाणं कुठे लागलं तर मामांना लिंबू हुंगायला द्यावं लागतं. बिचाऱ्या कबुतराचा यात काही दोष नव्हता.

उलटाही प्रकार होता. काकू म्हणजे आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या सर्वेसर्वा. एकादशीला त्यांच्यासमोर सिनेमाचं नाव काढायची सोय नाही. त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि हळूच सांगितलं, "'हिम्मतवाला'तलं एक टाक." मी चाट पडलो. 'हिम्मतवाला' म्हणजे १९८३चा, बप्पी लाहिरींचं संगीत, शेकडो मडकी आणि त्यांच्या मधून नाचणारे जितेंद्र-श्रीदेवी. काकू म्हणाल्या, "नवीन लग्न झालं होतं. जत्रेत तंबूचा सिनेमा आला होता. तुझ्या काकांनी मले शेव-चिवडा घेऊन देल्ता." जत्रेतला तो शेव-चिवडा काकूंच्या मनात अजून कुरकुरीत आहे. संगीतसमीक्षक त्या सिनेमातल्या गाण्यांबद्दल काय लिहितात ते लिहोत.

गाण्याला असं भलतंसलतं चिकटणं काही फक्त आमच्या घरातच होत नाही. तैवानमध्ये कचऱ्याच्या गाड्या बेथोवनची 'फ्युअर एलिझे' वाजवत गल्लीत येतात. बेथोवनने ती चीज कुणासाठी रचली यावर विद्वान अजून वाद घालतात. तैवानी गृहिणीच्या मनात असा काही संभ्रम नसावा. सूर कानावर पडले, की तिचा हात पिशवीकडे जात असणार. तिला हसायला आपण मोकळे नाही. आमच्याकडे घंटागाडीवर स्वच्छ भारतचं गाणं वाजतं, कैलाश खेर यांच्या आवाजातलं. आता टीव्हीवर कैलाश खेर एखादं सुफी गाणं समाधी लावून म्हणत असले, तरी आमची धाकटी वहिनी उठून ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करायला लागते.

माझं 'आशिकी'चं प्रकरण तर घरात प्रसिद्ध आहे. १९९० साली तो सिनेमा आला तेव्हा मी शाळेत होतो. बसस्टँडजवळच्या कॅसेटवाल्याकडे कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी दिली की तो हवी ती गाणी भरून द्यायचा. गाण्यांच्या नावांखाली मी एक ओळ पेनाने दोनदा गिरवून लिहायचो, 'मधे जागा सोडू नये'. ही कॅसेट इतकी वाजली, की शेवटी टेपने फीत खाल्ली. मी ती फीत अंगणात लांबवर पसरली, नखाने सरळ केली आणि षट्कोनी पेन्सिल भोकात घालून पुन्हा गुंडाळली. तेव्हापासून दुसऱ्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात कुमार सानूचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. आज तेच गाणं मोबाइलवर स्वच्छ ऐकू येतं आणि तिसरं कडवं आलं की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. गाणं संपलं, की पुढे माझ्या कॅसेटवरचं 'साजन'चं गाणं लागायला हवं. मोबाइल भलतंच काहीतरी लावतो. त्याला ए बाजू कशाशी खातात हे माहीत नाही.

बायकोने एकदा माझं हे रसग्रहण शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला ते गाणं आवडत नाही. तुम्हाला तुमचे तेव्हाचे केस आवडतात."

काकांची तऱ्हा माझ्याहून न्यारी. काकांच्या लहानपणी बी. व्ही. केसकर नावाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं त्यांनी ते खातं सांभाळलं. सिनेमाची गाणी म्हणजे उथळपणा, असं त्यांचं मत. त्यामुळे आकाशवाणीवर त्या गाण्यांना दार बंद झालं. लोकांनी मुकाट्याने काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. १९५२च्या डिसेंबरात तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. शेवटी १९५७ साली आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली, तोवर बुधवारची रात्र अमीन सायानींच्या नावावर लागून गेली होती. काका मोठे झाले ते या बुधवारांवर. रेडिओ देवळीत, एरियलची तार निंबाला, आणि लघुलहरींवर आवाज भरती-ओहोटीने येणार. ऐन कडव्यात मुकेश दूर निघून जायचा, खरखर यायची आणि ध्रुवपदाला तो परत यायचा. काका आज मुकेशची गाणी म्हणतात तेव्हा अगदी त्याच जागी आवाज बारीक करतात. नातवाने एकदा चांगले हेडफोन आणून कानाला लावून दिले. काकांनी पूर्ण गाणं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवले. "साफ हाये. पण यात मजा नाई. खरखर कुठं गेली?"

तर असा हा आमचा दर्जा. माझ्या कॅसेटच्या काळात बाबा म्हणायचे, "हा नाकातून गाते." त्यांच्या किशोरकुमारबद्दल आजोबा म्हणायचे, "हा बोंबलते." मी हल्ली पुतण्याला सांगतो, "हा तर मशीनमधून गातो." तक्रार वारसाहक्काने आली आहे, सातबारा तेवढा कुणी करून दिला नाही.

खरं म्हणजे नव्या गाण्यांना नाव ठेवायला आमच्या गावाने तोंड उघडूच नये. मराठीत भावगीत नावाचं जे काही आहे, त्याची गंगोत्री आमच्या पैनगंगेच्या काठी आहे. कवी ना. घ. देशपांडे मेहकरचे. जन्म १९०९ सालचा, सिंदखेडराजाचा. वकिली आणि उभं आयुष्य मेहकरात. 'खूणगाठी'ला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण त्याच्या फार आधी, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांच्या 'शीळ' या कवितेला जी. एन. जोशींनी चाल लावून गायलं आणि एचएमव्हीने तिची तबकडी काढली. मराठी भावगीताचा जन्म जाणकार तिथून धरतात. आज ते गाणं म्हणजे सात्त्विकतेची परिसीमा. सत्काराच्या कार्यक्रमात ते लागलं की पहिल्या रांगेतले लोक डोळे मिटतात.

पण ती तबकडी नवी होती तेव्हाचा विचार करा. महाराष्ट्रावर बालगंधर्वांचं राज्य. एक नाट्यपद, त्याला वन्समोअर, त्याला पुन्हा वन्समोअर, आणि नाटक उजाडताना संपलं तरी कुणाची तक्रार नाही. त्या लोकांच्या हातात ही तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी पडली. एखादा तरी धोतरवाला मेहकरकर चौकात नक्की म्हणाला असेल, "सुरू झालं म्हणता म्हणता संपलं! अन् गाणं कशावर, तर शिट्टीवर? रानात शिट्ट्या वाजवणाऱ्या पोट्ट्यांवर आता गाणी करू राह्यले?" आणि त्या धोतरवाल्याच्या आवडत्या नाट्यपदांना तरी ख्यालिया बुवांनी कुठे जवळ केलं होतं! पेटीचंच घ्या. जिच्यावाचून आपलं कीर्तन, भजन, नाटक काही हलत नाही, त्या पेटीला आकाशवाणीने १९४० साली बाहेर काढलं, ते थेट १९७१ पर्यंत आत घेतलं नाही. पेटी म्हणे परकी. आमच्या भजनी मंडळाला ही बातमी कुणी कळवली नसावी, कारण त्या एकतीस वर्षांत आमच्याकडे पेटीचा भाता एकही दिवस थांबलेला नाही.

सगळी खोडाखोड होऊन यादीत उरली गणपतीची आरती. त्यावरही लताबाईंची संथ घ्यायची की हल्लीची ठेक्याची, यावरून दोन तट पडले. मी ती यादी डीजेवाल्याकडे नेली. डोणगावकडचा पोरगा, विशीचा, डोळ्यांवर रात्रीही गॉगल. त्याने चिठ्ठी वरपासून खालपर्यंत वाचली. खालपर्यंत यायला त्याला फार वेळ लागला नाही.

"काका, याच्यात बेस नाई."

"अरे, आरती आहे ती."

"आरती हाये, पण बेस नाई. पब्लिक झोपते." मग माझी दया येऊन म्हणाला, "तुमच्या टायमाचं एखादं टाकतो ना रिमिक्स. टेन्शन नका घेऊ."

'तुमच्या टायमाचं' हा शब्दप्रयोग आपल्याबद्दल पहिल्यांदा ऐकतो तेव्हा माणूस जागच्या जागी आजोबा होतो. मी खिशातला मोबाइल चाचपला. रिंगटोन यंदाच्याच एका गाण्याची आहे. मावशीची युक्ती मी कधीच उचलली आहे.

हळदीच्या रात्री वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी झाली आणि मांडवाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची एक रांग लागली. प्रत्येक लग्नात ही रांग असते. ती कुणी मांडत नाही, आपोआप लागते. ज्यांची ज्यांची गाणी संपलेली आहेत ते येऊन तिथे बसतात, गाणी संपल्याच्या क्रमाने. पहिली खुर्ची आजीची, मग काका, मग बाबा, मग मामा लिंबू घेऊन. मी जरा लांब, खांबाला टेकून उभा राहिलो. अजून बसायचं नव्हतं.

डीजेने आवाज वाढवला तसे टेबलावरचे स्टीलचे ग्लास आपण होऊन चालायला लागले. एक तर कडेपर्यंत गेला. बट्ट्यांवरचा रुमाल थरथरत होता. काका माझ्या कानात काहीतरी ओरडले. बहुतेक १९७५ असावं. आजी मात्र खुशीत होती. ती ओरडून म्हणाली, "हे बरं हाये. जात्यावानी घरघर करते." त्या कर्ण्यांच्या भिंतीला आमच्या घराण्यातून मिळालेली ही एकमेव दाद.

दहाला लाउडस्पीकर बंद करायचा म्हणून पावणेदहाला नवरदेवाची फर्माईश झाली, 'झिंगाट'. अंगभर हळद माखलेला पुतण्या दोन्ही हात वर करून मांडवाच्या मधोमध उतरला. 'सैराट' आला २०१६ साली, तेव्हा तो सोळा-सतराचा. गाण्यातला एकेक ठोका त्याच्या अंगात मुरलेला. मित्रांनी त्याला खांद्यावर घेतलं, बाया बाजूला झाल्या, धुरळा उडाला. काकूंनी सुद्धा उजव्या पायाने हळूच ठेका धरला आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघून घेतलं.

तेवढ्यात माझी भाची, वय वर्षं नऊ, गर्दीतून वाट काढत डीजेच्या टेबलाजवळ गेली, पोराच्या बाहीला धरून तिने त्याला खाली वाकवलं आणि काहीतरी सांगितलं. त्याने गाणं मधेच बंद केलं.

"अबे, काय झालं?" खांद्यावरून नवरदेव ओरडला.

भाची म्हणाली, "दादा, किती वेळचं तेच जुनं गाणं लावलं! नवीन लाव ना."

मांडवात शांतता पसरली. मित्रांनी पुतण्याला खाली उतरवलं. त्याच्या तोंडावर पिवळी हळद होती म्हणून रंग उडालेला दिसला नाही.

"जुनं?" तो म्हणाला. "'झिंगाट' जुनं? तुला काय माहीत गं? अजय-अतुल अमेरिकेत गेले होते याच्यासाठी. लॉस एंजेलिसला रेकॉर्डिंग झालं 'सैराट'चं. खरी व्हायोलिनं होती, खरी! माणसं बसून वाजवत होती. आताच्या गाण्यांत आहे का तसं काही? मोबाइलवर बनवतात नुसतं. पंधरा सेकंदांचं गाणं अन् पंधरा सेकंदांचा नाच. आमच्या वेळेला..."

पुढे तो बराच बोलला. भाची केव्हाच निघून गेली होती आणि डीजेवर तिचं गाणं सुरू झालं होतं, त्यामुळे कुणाला काही ऐकू येत नव्हतं. पण काका पाहत होते. ते उठले, मागच्या थप्पीतून एक खुर्ची ओढून काढली, तिच्यावरची धूळ उपरण्याने झटकली आणि रांगेच्या शेवटी मांडली.

"या नवरदेव," काका म्हणाले, "टेका."